तुपाचा जमाखर्च

तुपाविषयी अलीकडे आपल्या लोकांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो की, तूप हे साक्षात अमृत असून सकाळी अनशापोटी दोन चमचे तूप गरम पाण्यातून वा कॉफीतून घ्यावे, म्हणजे सांधे वंगणतात, बुद्धी तल्लख होते व आश्चर्य म्हणजे पोटही उतरते. दुसरा पक्ष तुपाचे नाव निघताच छातीवर हात ठेवतो आणि डब्यातील परदेशी तेलाची महती सांगू लागतो. पहिल्या पक्षात बहुधा तरुण मंडळी असतात व दुसऱ्यात नुकतेच हृदयाच्या दवाखान्यातून परतलेले वडीलधारे. दोन्ही पक्षांची माणसे आमच्या ओटीवर येऊन बसतात आणि दोघेही जेवायला थांबतात. सबब या वादाकडे दुर्लक्ष करणे आम्हांस शक्य झालेले नाही.

आमचे मत थोडक्यात असे की, या भांडणात तुपाची चौकशी फार होते आणि खाणाराची मुळीच होत नाही. कोणी खाल्ले, दिवसभर किती राबून खाल्ले, ताटातील दुसरे काय कमी करून खाल्ले, व खाल्ले ते तूप तरी होते काय, या चार कलमांचा खुलासा झाल्यावाचून तूप हितकर की अहितकर हा प्रश्नच उभा राहत नाही. सारी हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेल्यामुळे कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडून पाहण्याची आम्हांस खोड जडली आहे. वाचकांनी ती पोटात घालावी.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. तूपपक्षाचा मुख्य आधार हा की, आपले पूर्वज वाट्यावर वाट्या तूप रिचवीत आणि ऐंशी वर्षे खणखणीत जगत. देशावरील एखाद्या सरदार घराण्याविषयी हे खरे असेल. ठाणे, पनवेल व उरण या आपल्या पट्टीपुरते ते खरे नव्हे. कोकणची गाय अंगाने लहान, डोंगरउतारावर चरणारी. तिची जात 'कोकण कपिला' या नावाने आता नोंदली गेली आहे. ती दिवसाला दोनअडीच लिटर दूध देते, आणि त्यात स्निग्धांश शेकडा चार-साडेचार. वासराला, चहाला व दह्याला एक थेंबही न देता सारे दूध विरजून घुसळले, तरी दिवसाचे तूप शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. घरात खाणारी तोंडे दहा. म्हणजे माणशी चहाचे दोन चमचे, आणि तेही वासराला उपाशी ठेवून! प्रत्यक्षात आमच्या घरी तूप वरणभातावर थेंबाने मोजून पडे. गणपतीत मोदकावर धार आणि होळीला पोळीवर धार, एवढेच काय ते तुपाचे वैभव. आई लोणी कढवू लागली की सारे घर दरवळे, आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून खाण्याकरिता आम्हां भावंडांत मारामारी होई. वस्तू मुबलक असती तर बेरीसाठी कोणी भांडले असते काय?

आता त्या थेंबामागचे राबणे पाहा. फाल्गुन-चैत्रात राब भाजावयाचा, मृगात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, पुढे बेणणी, कापणी, झोडणी; आणि खारजमीन असेल तर वर्षभर खारबांधाची व उघाडीची राखण. भरतीने बांध फोडला की मध्यरात्री टोपल्यांनी चिखल वाहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली शिफारशी केल्या, त्यांप्रमाणे कष्टाचे अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला ३४७० कॅलरी उष्मांक लागतात. बैठे काम करणारास २११० पुरतात. दोहोंतील अंतर १३६० चे. चहाच्या एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम तूप मावते आणि त्यातून ४५ कॅलरी मिळतात. भागाकार करून पाहिला तर हे अंतर तीस चमचे तुपाचे भरते. शेतकऱ्याने तीस चमचे तूप खावे असे येथे कोणी म्हणत नाही; पण नांगरामागे चालणाऱ्या देहात जी वस्तू दुपारपर्यंत जळून जात होती, ती खुर्चीत बसलेल्या देहात मुक्कामास राहते, एवढा बोध या भागाकारातून घेता येतो.

आणि आपण खुर्चीत कधी येऊन बसलो, हे तर सर्वांस ठाऊक आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता घेण्याचे ठरले, आणि पुढल्या काळात भाताच्या खाचरांचे सेक्टर झाले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-नवघर भागात गोळीबार होऊन पाच जण धारातीर्थी पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले. हा इतिहास येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन इतकेच की, सातबाऱ्यावरून जमीन कमी झाली म्हणजे काय काय कमी होते, हे फेरफाराच्या नोंदीत लिहिलेले नसते. गुरचरण गेले, गवताच्या वरकस जमिनी गेल्या, मागोमाग गोठा रिकामा झाला. आणि गोठ्याबरोबर शेणाची टोपली उचलणे, पेंढ्याचे भारे वाहणे व रवीची दोरी ओढणे हेही गेले. दूध पिशवीतून व तूप डब्यातून येऊ लागले. ज्या घरात दहा माणसांस शंभर ग्रॅम तूप पुरत नव्हते, त्या घरात आता चार माणसांस महिन्याला दोन किलोचा डबा लागतो. हाही भागाकार करा: माणशी रोजचे सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे तीन चमच्यांहून अधिक. तूप वाढले आणि कष्ट उणावले. उलवे, तरघर, कोपर येथील जमिनींवर विमानतळ उभा राहून ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथल्या नांगरधारी बापाचा मुलगा आज बारा तास मोटारीचे चक्र धरून बसतो आणि रात्री घरी येऊन बापाच्या खुराकावर हक्क सांगतो.

परिणाम काय होतो तो आकड्यांत दिसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढ माणसांपैकी शेकडा ११.४ जणांस मधुमेह व शेकडा ३५.५ जणांस रक्तदाबाचा विकार आढळला. दक्षिण आशियातील माणसास हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतील माणसांच्या मानाने सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसून आले आहे. याचा सारा दोष तुपावर लादणे अन्यायाचे होईल. भात, साखर, तंबाखू, दारू व बैठक या पाचांचा वाटा मोठा आहे. पण तूप निर्दोष सुटत नाही, ते का हे आता पाहू.

तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ. त्यातील साठ टक्क्यांहून अधिक भाग ज्यास शास्त्रज्ञ संपृक्त स्निग्ध म्हणतात त्या जातीचा. या जातीचे स्निग्ध बेताबाहेर गेले म्हणजे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, आणि त्याच्या जागी शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांसारखी तेले आली तर ते उतरते, ही गोष्ट अनेकवार तपासून पाहिली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, दिवसाच्या उष्मांकांपैकी दहावा हिस्सा, याहून अधिक संपृक्त स्निग्धातून येऊ नये. बैठ्या पुरुषाच्या २११० चा दहावा हिस्सा म्हणजे सुमारे तेवीस ग्रॅम. आता हा तेवीस ग्रॅमचा पैसा कोठे कोठे खर्च होतो ते लिहून काढू. दिवसाच्या चहाचे व रात्रीच्या पेल्याचे मिळून म्हशीचे दूध दोनशे मिलिलिटर, त्यातून आठ ग्रॅम. कालवणात माणशी मूठभर, म्हणजे वीस ग्रॅम ओले खोबरे, त्यातून सहा ग्रॅम. कारण खोबऱ्याचे स्निग्ध याच जातीचे, किंबहुना तुपाहून कडक. फोडणीचे शेंगदाण्याचे तेल पंचवीस ग्रॅम, त्यातून आणखी साडेचार-पाच. बेरीज एकोणीस झाली. शिल्लक राहिले चार ग्रॅम. तुपाच्या एका चमच्यात संपृक्त स्निग्ध सुमारे तीन ग्रॅम असते. म्हणजे ज्याने मटण वा खारी-बिस्किटे खाल्ली नाहीत, त्याच्या ताटात एक चमचा तूप सुखाने बसते. दुसरा चमचा हवा असेल त्याने खोबरे अर्धे करावे, अथवा रात्रीचे दूध सोडावे. आणि सकाळच्या कॉफीत दोन चमचे ओतून वर दुपारी भातावर धार सोडणारा मनुष्य खात्यात रक्कम नसता धनादेश फाडीत असतो.

हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. तूप आहारात *घालावे* असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत; त्या बदल्यात काय *काढावे* हे सांगणारा विरळा. चार्वाकाच्या नावावर कर्ज काढून तूप पिण्याचे जे वचन खपते, त्यातील कर्ज सावकाराचे होते. हे कर्ज स्वतःच्या धमन्यांचे आहे आणि त्यास तगाई नाही की माफी नाही.

येथे तूपपक्षाचे काही म्हणणे मान्य करणे न्यायाचे आहे. तुपात 'अ' जीवनसत्त्व असते, आणि पालेभाजी व गाजर यांतील पिवळा रंगद्रव्यांश अंगी लागण्यास स्निग्धाची सोबत लागते. करिता माठाच्या भाजीवर अर्धा चमचा तूप टाकणारी गृहिणी चुकत नाही. दूध ज्यांना पचत नाही, पोट फुगते, त्यांना तूप बहुधा बाधत नाही, कारण दुधातील शर्करा ताकाबरोबर निघून गेलेली असते. तूप तापविले तरी लवकर करपत नाही व महिनेच्या महिने टिकते. सुक्या भाकरीवर तूप घातल्याने दोन घास अधिक जातात; आजारातून उठलेल्या माणसास व अशक्त मुलास ते हवेच असते. बाळंतिणीच्या डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांस नावे ठेवणारांत आम्ही नाही. मात्र बाळंतीण पूर्वी हाडांचा सापळा होऊन माहेरी येई. आज जिचे वजन गरोदरपणीच वीस किलोंनी वाढले आहे, तिला दिवसाकाठी चार लाडू भरविण्यात माया आहे, पण हिशेब नाही.

आयुर्वेदाचा दाखला दोन्ही बाजूंनी ओढला जातो, म्हणून दोन शब्द. चरकसंहितेत घृत, तैल, वसा व मज्जा या चार स्नेहांत घृतास श्रेष्ठ मानले आहे, हे खरे. पण त्याच सूत्रस्थानात घृत पिण्याचा काळ शरद ऋतू सांगितला आहे, पचनशक्तीप्रमाणे मात्रेचे लहान, मध्यम व मोठी असे भेद केले आहेत, आणि कफ-मेद वाढलेल्यांस व ज्यांचा अग्नी नित्य मंद आहे त्यांस स्नेहपान वर्ज्य केले आहे. अर्धे वचन घेऊन अर्धे टाकणे हे दस्तऐवजातील अटी न वाचता अंगठा उठविण्यासारखे आहे.

दुसरी एक नवी गोष्ट तरुणांकडून ऐकू येते. तुपात ब्यूटिरिक नावाचे आम्ल असते व ते मोठ्या आतड्यास पोसते, असे म्हणतात. आम्ल असते खरे, शेकडा तीन-चार भाग. पण तोंडाने घेतलेले हे आम्ल वरच्या आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्यास जे लागते ते तेथील सूक्ष्म जंतू धान्याच्या कोंड्यापासून व कडधान्याच्या तंतूंपासून स्वतः तयार करतात. म्हणजे ज्या गुणाकरिता तूप प्यावयाचे तो गुण नाचणीच्या भाकरीत आणि आपल्या वालाच्या बिरड्यात आयता आहे. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात मडके भरून पोपटी लावतो, तिला तुपाचे बोट लागत नाही. तिने कोणाचे आतडे बिघडल्याचे ऐकिवात नाही. बांगडा व तारली यांच्या अंगचे स्निग्ध तर हृदयास हितकर ठरले आहे. खाडीकाठच्या माणसाने मासळी सोडून डब्यातल्या तुपात आरोग्य शोधावे, ही काळाची थट्टा आहे.

आता चौथे कलम: आपण खातो ते तूप तरी काय? या प्रश्नाचा उगम आपल्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. अटल सेतूचे एक टोक आपल्याकडे, दुसरे शिवडीस. त्याच शिवडीत १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली त्यातून 'डालडा' बाहेर पडला. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते थिजवावयाचे, रवाळ करावयाचे आणि पिवळ्या डब्यात भरावयाचे. डब्यावर ताडाचे झाड होते, पण नावापुढे तूप हा शब्द लागला आणि गरिबाच्या घरी समारंभास तोच शोभा देऊ लागला. साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली, तेव्हा वनस्पतीत शेकडा पाच तिळाचे तेल घालण्याची सक्ती करण्यात आली. कारण तिळाचे तेल असल्यास हायड्रोक्लोरिक आम्ल व साखर यांच्या योगे लाल रंग येऊन चोरी उघडी पडते. पण या वस्तूचा खरा दोष पुष्कळ पुढे कळला. तेल अर्धवट थिजविताना 'ट्रान्स' नावाचे जे स्निग्ध तयार होते, ते घातक कोलेस्टेरॉल वाढविते आणि हितकर कोलेस्टेरॉल घटविते; म्हणजे ज्या हृदयरोगाच्या भयाने लोक तूप सोडीत होते, त्या रोगास वनस्पती तुपाहून अधिक पोषक निघाली. आपल्या देशात त्याची मर्यादा हळूहळू खाली आणीत जानेवारी २०२२ पासून शेकडा दोनवर आणली आहे. दोन पिढ्यांनी मात्र ते लग्नाच्या जिलबीतून यथेच्छ खाल्ले.

आज डालड्याची भीती उरली नाही, तर पामतेलाची आहे. त्यात तीळतेल नसल्याने ती जुनी लाल रंगाची परीक्षा त्याला पकडीत नाही. प्रयोगशाळेतूनच तपासणी करावी लागते. घरबसल्या करण्याजोगी एक परीक्षा मात्र आहे, आणि तीस रसायन लागत नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा साडेसहा धरला तर एक किलो तुपास किमान पंधरा लिटर दूध लागते. गायीच्या दुधास पंचवीस ते तीस. आपल्या दारी येणाऱ्या दुधाचा भाव घेऊन गुणाकार करावा. ताक व निर्मळ दूध यांची किंमत त्यातून वजा घालावी. जे तूप या आकड्याच्या अर्ध्यानेही कोणी गावोगाव फिरून 'गावठी गायीचे' म्हणून देतो, त्याच्या गायी कोठे चरतात हे त्यास विचारावे. गेल्या वर्षी आमच्याच घरी असा एक डबा घेतला गेला. तूप सुवासिक, रवाळ, दिसण्यात आमच्या आईच्या तुपास लाजवील असे. पण कढविले तर बेरीचा मागमूस नाही, आणि कढईतून वास आला तो अत्तराचा! डबा कोणी घेतला होता हे येथे सांगत नाही, कारण लेखक अद्याप त्याच घरात जेवतो.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकरिता खरे पाहता हा लेख लिहावयास घेतला. कर्नाळ्याच्या व माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर कातकरी व ठाकूर मंडळी राहतात. आपल्यापैकी ज्यांची शेते अद्याप शिल्लक आहेत, त्यांची लावणी व झोडणी बहुतांशी याच लोकांच्या हातून होते. वर जो ३४७० उष्मांकांचा मनुष्य सांगितला, तो आता आपण नव्हे; तो आपल्या बांधावर दुपारी कोरडा भात व मिरचीचा ठेचा खात बसलेला असतो. त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला तुपाचा एक चमचा औषधाहून अधिक गुणाचा आहे, आणि त्याच वयाच्या आपल्या नातवाच्या पोळीवर तो सक्तीने थापला जातो. पूर्वी शेतावर गड्याला भाकरीबरोबर कालवण, ताक व सणाला गोडधोड देण्याची रीत होती. आता रोख मजुरी देऊन आपण मोकळे होतो. मजुरी द्यावीच, कायद्याप्रमाणे द्यावी. पण लावणीच्या पंधरा दिवसांत शेतावरचे जेवण मालकाने द्यावे आणि त्या जेवणात डाळ, मासळी व चमचाभर तूप असावे, असे आमचे सुचविणे आहे. एका मनुष्यामागे पंधरा दिवसांचे तूप पाऊणशे ग्रॅम भरते. आपल्या घरात ते साडेचार दिवसांत, एकट्याच्या ताटात संपते.

आपल्या संघाच्या चालकांस दुसरी एक सूचना. पनवेल व उरण तालुक्यांत ज्यांच्याकडे म्हशी उरल्या आहेत, त्यांचे लोणी एकत्र करून कढवावे, प्रत्येक खेपेचा नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून दाखला डब्यावर लावावा, आणि डबे पाव किलोचेच ठेवावेत. किलोचा डबा आणला की चमच्याची जागा पळी घेते, हा आमचा घरचा अनुभव आहे. पाव किलो तूप दोन माणसांस रोज एक चमचा या मानाने पंचवीस दिवस पुरते. आम्ही उभयतांनी चैत्र पाडव्यापासून असा डबा आणून त्यावर तारीख घालण्याचा परिपाठ ठेवला आहे. पहिला डबा अठराव्या दिवशी संपला, दुसरा एकविसाव्या. तिसरा सध्या चालू आहे.